बिनतारी चिपचे नामकरण

सुरतेच्या लिंबायत किंवा उधना भागात केवळ ‘पाटील’ एवढेच नाव लिहिलेले पत्र आले, तर पोस्टमनने ते कोणाच्या हाती द्यावे? खानदेशातून येऊन येथे स्थायिक झालेल्या पाटलांची घरे गल्लोगल्ली आहेत. म्हणून आपण पत्रावर पूर्ण नाव व घरक्रमांक लिहितो. संगणकापुढेही हीच अडचण असते.

संगणकातील बिनतारी चिपला कोणत्या आज्ञा कोणत्या क्रमाने द्यावयाच्या, हे जाणणाऱ्या आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात. १९९१ साली आरंभ झालेल्या लिनक्स प्रणालीत असे असंख्य ड्रायव्हर आहेत. त्यांतील योग्य तो निवडावयाचा, तर चिपची ओळख पटली पाहिजे.

यूएसबीचे उपकरण आपली ओळख स्वतः सांगते: एक क्रमांक निर्मात्याचा, दुसरा वस्तूचा. परंतु बोर्डावर कायमची जडवलेली प्रत्येक चिप अशी बोलकी नसते. अशा वेळी बोर्डासोबत एक वर्णनपत्र दिलेले असते. त्याला ‘डिव्हाइस ट्री’ म्हणतात. त्यात आधी निर्मात्याचे संक्षिप्त नाव, मग स्वल्पविराम आणि नंतर चिपचे नाव असते. ‘बीआरसीएम, बीसीएम४३२९-एफमॅक’ या नावावरून ब्रॉडकॉम कंपनीची ४३२९ ही चिप कळते.

येथे एक मोह होतो. ‘४३’ने आरंभ होणाऱ्या साऱ्या चिपना एकच सरसकट नाव का देऊ नये? नियम त्यास मनाई करतो, आणि ते योग्यच आहे. ब्रॉडकॉमचीच ४३१८ ही चिप घ्या. आरंभीचे अंक तेच. परंतु आतील रचना निराळी, आणि म्हणून ड्रायव्हरही निराळा. अंकांच्या साम्यावर विसंबणे म्हणजे आडनाव पाहून पत्र देणे होय.

मग नवी चिप जुनीसारखीच चालत असेल तर? तेव्हा दोन नावे लिहावयाची: प्रथम तिचे नेमके नाव, नंतर जुन्या चिपचे. ४३३९ च्या पुढे ४३२९ लिहिले, की नवे नाव न ओळखणारा ड्रायव्हरही दुसऱ्या नावावरून काम चालवतो. थोरला घरी नसला, तर पत्र धाकट्याच्या हाती देता येते, तसेच हे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकदा रूढ झालेले नाव बदलावयाचे नाही. जुन्या बोर्डाच्या वर्णनपत्रात जुनेच नाव राहते. नव्या लिनक्सने ते ओळखले नाही, तर चिप धडधाकट असूनही वायफाय बंद पडेल, आणि गरजू विद्यार्थ्याच्या हाती आलेला जुना संगणक विनाकारण निकामी ठरेल.

म्हणून आम्हांस वाटते, की नाव ठेवणे हे केवळ सोयीचे काम नव्हे. ते पुढे येणाऱ्यांना दिलेले वचन आहे. प्रयोगवहीत ‘एक आम्ल’ असे न लिहिता त्याचे नेमके नाव लिहिण्याची सवय याच वचनाची पहिली पायरी होय.