सकाळी बोटे आखडणे : किती वेळ, हे महत्त्वाचे

आमच्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढताना पुष्कळ रुग्ण आपल्या तक्रारीस एकच शब्द योजतात, तो म्हणजे 'वात'. गुडघा दुखला तरी वात, मान धरली तरी वात आणि सकाळी उठल्यावर मूठ वळत नसली तरी वातच. या शेवटच्या तक्रारीविषयी येथे थोडे विस्ताराने लिहीत आहोत. कारण ज्या घरातील बाई शिवणकाम करते वा चार घरची धुणीभांडी करते, तिच्या बोटांवर त्या घराचे उत्पन्न अवलंबून असते, आणि दुखणे अंगावर काढण्याची सवयही तिलाच अधिक असते.

अशा वेळी डॉक्टर प्रथम विचारतात, "बोटे मोकळी व्हायला किती वेळ लागतो?" वयोमानाने सांध्यांतील कूर्चा झिजते, तेव्हा हा आखडलेपणा साधारणतः अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. दुखणे बहुधा बोटांच्या टोकाकडील सांध्यांत वा अंगठ्याच्या मुळाशी असते व कामाने वाढते. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताची रीत याच्या उलट आहे. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. दोन्ही हातांची मधली पेरे व बोटांच्या मुळाचे सांधे सुजतात, अंगठी घट्ट होते, आणि बोटे सुटण्यास तासभर वा त्याहून अधिक वेळ लागतो. रात्रभर हालचाल नसते आणि दाह वाढविणारी द्रव्ये पहाटे अधिक असतात. म्हणून सकाळच वाईट जाते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा विकार दुपटी-तिपटीने आढळतो, आणि तरुण वयातही होतो.

हाडांची हानी पुष्कळदा पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते व ती भरून येत नाही. पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले, तर बोटे वाकडी होणे बव्हंशी टाळता येते. मधुमेह, थायरॉईडचे विकार किंवा चिकुनगुन्या यांतही बोटे आखडतात. २००६ च्या साथीनंतर कित्येकांचे सांधे महिनोन्महिने दुखत राहिले होते. म्हणून निदान डॉक्टरांवरच सोपवावे. 'आर. ए.' तपासणी निगेटिव्ह आली की नातेवाईक निर्धास्त होतात. परंतु हा रोग असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते.

उपचारातील मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. या विकारात ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास तोंड येते, रक्तपेशी घटतात आणि प्राणावरही बेतू शकते. यासाठी घरातील एका व्यक्तीने वार ठरवून तो पाकिटावर मराठीत लिहून घ्यावा. डॉक्टर सोबत फॉलिक ॲसिड देतात. गरोदरपणात हे औषध चालत नाही, आणि मद्यपान वर्ज्य समजावे. हिशेबाच्या दृष्टीने पाहता ही गोळी स्वस्त आहे. खर्च होतो तो रक्ताच्या व यकृताच्या तपासण्यांवर, कारण त्या ठरावीक काळाने पुन्हापुन्हा कराव्या लागतात. पैशाअभावी त्या चुकविल्या, की औषधही सुटते. देणगीदारांचे साहाय्य येथे फार मोलाचे ठरते, जरी त्याचा फलक कोठे लागत नाही.

घरच्या घरी सकाळी कोमट पाण्यात हात धरून सावकाश मूठ वळावी व उघडावी. सांधे गरम व सुजलेले असता मात्र जोर लावू नये. कपडे पिळण्याऐवजी निथळत टाकावेत, पिशवी बोटांत न अडकविता कोपरात घ्यावी, आणि विळी-सुरीच्या मुठीस जाडसर कापड गुंडाळावे. सुनेने वा मुलाने चार दिवस कपडे पिळले, तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

एका दिवसात आराम देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून सावध राहावे. त्यांत अनेकदा स्टिरॉइड मिसळलेले असते. त्याने सूज उतरते, पण दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात व रक्तातील साखर वाढते. अशी पुडी बराच काळ घेतली असल्यास ती एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. म्हणून तपासणीस येताना सकाळी बोटे किती मिनिटांनी सुटतात याची आठवडाभराची नोंद, जुने कागद आणि असल्यास ती पुडीही सोबत आणावी. आमचे डॉक्टर त्याबद्दल रागावत नाहीत.