नवा आयपॅड मोठा झालेला नाही

अकरावीचा प्रवेश झाला म्हणून भाचीसाठी आयपॅड घ्यायला आम्ही दुकानात गेलो होतो. काउंटरवर दोन आयपॅड शेजारी शेजारी मांडलेले. विक्रेता मुलगा म्हणाला, “काका, हा जुना, दहा पॉइंट नऊ इंची. आणि हा नवा, अकरा इंची. स्क्रीन मोठी आहे, अभ्यासाला हाच बरा.” मी दोन्ही उचलले आणि एकावर एक ठेवले. चारही कडा तंतोतंत जुळल्या. जुन्याचं कव्हर काढून नव्यावर चढवून पाहिलं, तेही चपखल बसलं. भाचीने विचारलं, “मामा, मग मोठं काय झालं?”

काहीच मोठं झालेलं नाही. तो मुलगा खोटं बोलत नव्हता, त्याला जे शिकवलं होतं तेच तो सांगत होता. पण नव्या आणि जुन्या आयपॅडबद्दल दुकानात, क्लासच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि घराघरांत जे बोललं जातं, त्यातलं बरंचसं असंच अर्धवट असतं. पस्तीस हजारांची वस्तू घेताना माणूस चुकीच्या कारणासाठी पैसे मोजतो आणि जे खरोखर तपासायला हवं ते तपासायचं राहून जातं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी ही दोन मॉडेलं कोणती ते पाहू. जुना आयपॅड ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. त्याला दहाव्या पिढीचा आयपॅड म्हणतात आणि त्यात ए१४ बायोनिक ही चिप आहे. नवा मार्च २०२५ मध्ये आला आणि त्याने जुन्याची जागा घेतली. बोलताना लोक त्याला अकराव्या पिढीचा म्हणतात, पण ॲपलने त्याचं नाव ‘आयपॅड (ए१६)’ असं ठेवलं आहे. म्हणजे नावातच चिप. दोन्हींचे रंगही तेच चार आहेत: निळा, गुलाबी, पिवळा, चंदेरी. लांबून पाहून कुठला कोणता, हे सांगता येत नाही.

“नव्याची स्क्रीन अकरा इंची आहे”

दोन्हींच्या पडद्यावर २३६० गुणिले १६४० इतकेच पिक्सेल आहेत आणि एका इंचात २६४ पिक्सेल हे प्रमाणही सारखंच आहे. पिक्सेल तेवढेच आणि त्यांची दाटीही तेवढीच, तर पडदा मोठा होणार कसा? ॲपलच्याच बारीक अक्षरांतल्या खुलाशानुसार कोपऱ्यातून कोपऱ्यात मोजलेलं नव्याचं खरं माप १०.८६ इंच आहे. पूर्वी त्याला १०.९ म्हणायचे, आता पूर्णांकात ११ म्हणतात. बदललं ते एवढंच. बाहेरची मापंही मिलिमीटरपर्यंत तीच आहेत: २४८.६ गुणिले १७९.५, जाडी ७. वायफाय मॉडेलचं वजनही तेच, ४७७ ग्रॅम.

याचा एक फायदा आहे. जुन्यासाठी घेतलेलं कव्हर, काचेवरचा संरक्षक थर, ॲपलचा कीबोर्ड फोलिओ, सगळं नव्यावर चालतं. घरातला जुना आयपॅड धाकट्याला देऊन थोरल्यासाठी नवा घेतलात, तर या गोष्टींवर पुन्हा खर्च करू नका.

पडद्याचा दर्जाही सुधारलेला नाही. दोन्हींत वरची काच आणि आतला पडदा यांच्यामध्ये हवेची बारीक फट आहे, त्यामुळे पेनाचं टोक रेषेपासून किंचित वर तरंगल्यासारखं वाटतं. दिव्याचं प्रतिबिंब मारणारा थरही दोघांत नाही. रात्री ट्यूबलाइटखाली वाचताना हे जाणवतं. फट असल्यामुळे काच फुटली तर पडद्याला हात न लावता फक्त काच बदलता येण्याची शक्यता असते, आणि मुलांच्या हातात यंत्र द्यायचं असेल तर ही लहान गोष्ट नाही.

“नवा म्हणजे महाग असणारच”

इथे गोष्ट उलटी आहे आणि हाच माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. दहाव्या पिढीचा आयपॅड भारतात आला तेव्हा ६४ जीबीच्या वायफाय मॉडेलची किंमत ४४,९०० रुपये होती. उतरत उतरत मे २०२४ मध्ये ती ३४,९०० झाली. नवा आला तोही ३४,९०० लाच, पण साठवणीची जागा दुप्पट घेऊन: १२८ जीबी.

दुप्पट जागा म्हणजे काय, हे कागदावरच्या आकड्यावरून कळत नाही. ६४ जीबीच्या आयपॅडमध्ये यंत्रणेचीच दहा-पंधरा जीबी जागा जाते. उरलेल्या पन्नासेक जीबीत मुलं क्लासचे व्हिडिओ उतरवून ठेवतात, कारण प्रत्येक घरात आणि प्रत्येक गावात नेट सारखं मिळत नाही. तासाभराचा एक तास साठवायला अर्धा ते एक जीबी लागतो. भौतिक, रसायन, गणित असे तीन विषय धरले तर काही महिन्यांतच ‘स्टोरेज फुल’ची पाटी येते. माझ्या ओळखीच्या एका मुलाने परीक्षेच्या आठवड्यात जुने तास पुसून नवे उतरवण्यात दोन संध्याकाळी घालवल्या. ज्या दिवसांत उजळणी करायची, त्या दिवसांत तो काय पुसू आणि काय ठेवू हे ठरवत बसला होता.

आणि ही जागा नंतर वाढवता येत नाही. अँड्रॉइड टॅबलेटमध्ये बऱ्याचदा मेमरी कार्ड घालता येतं, पण आयपॅडला तशी खाचच नाही, ना जुन्याला ना नव्याला. यूएसबी-सीला पेन ड्राइव्ह लावून फाइली उघडता येतात, पण दोघांचंही पोर्ट जुन्या यूएसबी २ च्या वेगाचं आहे, सेकंदाला जास्तीत जास्त ४८० मेगाबिट. म्हणजे दहा जीबी हलवायला उत्तम परिस्थितीतही तीनेक मिनिटं लागणार. ‘नव्यात यूएसबी वेगवान झालं’ असं कुणी सांगितलं तर मान हलवू नका.

“चिपमध्ये कोअर कमी केलेत, म्हणजे नवा संथ”

हा गैरसमज थोडं वाचन करणाऱ्यांमध्ये दिसतो, आणि तो वस्तुस्थितीच्या अगदी जवळून जातो. जुन्या ए१४ मध्ये मुख्य प्रक्रियेसाठी सहा कोअर आहेत. नव्या आयपॅडच्या ए१६ मध्ये पाच. आयफोन १४ प्रोमध्ये हीच चिप सहा कोअरची होती, आयपॅडसाठी वापरलेल्या चिपमध्ये एक कमी आहे. चित्रप्रक्रियेचे कोअरही आयफोनमध्ये पाच होते, इथे चार आहेत.

पण कामाचा वेग केवळ माणसं मोजून कळत नाही, प्रत्येक माणूस किती उरकतो यावर ठरतो. ए१४ ही २०२० ची चिप आहे, ए१६ २०२२ ची. दोन वर्षांत एकेका कोअरची ताकद वाढली, म्हणून एक कोअर कमी असूनही नवा आयपॅड जुन्यापेक्षा सुमारे ३० टक्के वेगवान असल्याचं ॲपल सांगते. शिवाय रॅम ४ जीबीवरून ६ जीबी झाली आहे. ॲपल हा आकडा स्वतः छापत नाही, पण यंत्र तपासणाऱ्यांना तो सहज दिसतो. एकीकडे व्हिडिओ, दुसरीकडे वही आणि मागे ब्राउझर उघडा ठेवला, तर आधीचं पान पुन्हा लोड होण्याची वेळ नव्यावर कमी येते.

पीडीएफ वाचणं, झूमवर तास ऐकणं, यूट्यूब पाहणं यांत मात्र तुम्हाला हा ३० टक्के फरक हाताला लागणार नाही. ही कामं जुना आयपॅडही न अडखळता करतो.

चिपचं वय महत्त्वाचं आहे ते वेगळ्या कारणासाठी: यंत्र किती वर्षं अद्ययावत राहील. सप्टेंबर २०२५ मध्ये आयपॅडओएस २६ आलं, तेव्हा २०१९ चा सातव्या पिढीचा आयपॅड यादीतून गळाला आणि २०२० चा आठव्या पिढीचा टिकला. विक्रीला आले त्यांत अंतर एकाच वर्षाचं. मग असं का झालं? सातव्यात ए१० ही २०१६ ची चिप होती, आठव्यात ए१२ ही २०१८ ची. मोजायचं असतं ते चिपचं वय, खोक्यावरचं साल नव्हे. दहाव्या पिढीच्या आयपॅडवरही आयपॅडओएस २६ चालतं, तेव्हा ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी घाबरायचं कारण नाही. पण आज पैसे मोजून पाच-सहा वर्षांसाठी घेणाऱ्याला चिपची ही दोन वर्षं पुढे उपयोगी पडू शकतात.

“नवा आहे, म्हणजे एआय असणारच”

नाही. ॲपल इंटेलिजन्स या नावाने ॲपलने जी एआय सुविधा दिली आहे, ती चालायला ए१७ प्रो किंवा एम मालिकेतली चिप लागते. आयपॅड मिनी (ए१७ प्रो), आणि एम१ पासून पुढचे आयपॅड एअर व आयपॅड प्रो यांत ती आहे. आयपॅड (ए१६) मध्ये नाही, आणि पुढे एखाद्या अपडेटने येईल अशा आशेवर तो घेऊ नये. ज्या उपकरणांवर ही सुविधा मिळते, त्या सगळ्यांत किमान ८ जीबी रॅम आहे. इथे तेवढी नाहीच.

मात्र चॅटजीपीटी, जेमिनी यांसारखी ॲप दोन्ही आयपॅडवर चालतात, कारण त्यांचं काम दूरच्या सर्व्हरवर होतं. विद्यार्थ्याला धडा समजून घ्यायला, इंग्रजी परिच्छेदाचा मराठीत अर्थ विचारायला एवढं पुरतं. केवळ ‘एआय हवं’ म्हणून कुणी दुप्पट किमतीच्या मॉडेलकडे ढकलत असेल, तर आधी आपल्याला नेमकं काय करायचं आहे ते विचारा.

पेनाबद्दल थोडक्यात. दोन्ही आयपॅड दोनच ॲपल पेन्सिली स्वीकारतात: पहिल्या पिढीची, तीही वेगळा ॲडॅप्टर लावून, आणि यूएसबी-सीवाली. पेन्सिल प्रो नव्यावरही चालत नाही. यूएसबी-सीवाल्या पेन्सिलला दाबाची जाणीव नाही, म्हणजे जोरात टेकवलं म्हणून रेष जाड होत नाही. नोट्स लिहायला आणि आकृत्या काढायला ती उत्तम आहे. चित्रकलेच्या विद्यार्थ्याने मात्र पहिल्या पिढीची पेन्सिल पाहावी.

कॅमेरे, टच आयडीचं बटण, बॅटरीचा दहा तासांचा दावा, सगळं जिथल्या तिथे आहे. हेडफोनचं गोल भोक दोघांतही नाही.

सिमकार्डचं मॉडेल घेणाऱ्यांनी मात्र इथे थांबून वाचावं. जुन्यात सिम घालायची छोटी ट्रे होती. नव्याच्या सेल्युलर मॉडेलमध्ये ती नाही, फक्त ई-सिम आहे. घरात पडून असलेलं जास्तीचं सिम त्यात घालता येणार नाही, कंपनीकडून ई-सिम सुरू करून घ्यावं लागेल. वायफाय मॉडेलपेक्षा त्याची किंमत १५,००० रुपयांनी जास्त ठेवली होती, आणि एवढं देऊनही त्यावरून फोनसारखा साधा कॉल लावता येत नाही. मोबाइलचं हॉटस्पॉट चालू करणं जमत असेल, तर हे पैसे वाचवा.

ज्यांच्याकडे दहाव्या पिढीचा आयपॅड आधीच आहे आणि जागा भरलेली नाही, त्यांनी तो बदलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नव्याने घेणाऱ्याने ए१६ घ्यावा. दुकानात उरलेला जुना ६४ जीबीचा आयपॅड दोन-तीन हजार कमी करून मिळतो म्हणून भुलू नये, ती बचत भरलेल्या साठवणीत बुडते. आठ-दहा हजारांचा फरक असेल आणि काम फक्त वाचनाचं असेल, तरच विचार करावा.

दोन्ही एकसारखे दिसतात, त्यामुळे नव्याच्या नावाखाली जुना हातात पडू नये याची काळजी आपणच घ्यायची. ६४ जीबीचा असेल तर तो नक्की जुना. १२८ किंवा ५१२ जीबीचा असेल तर नक्की नवा, कारण जुन्यात ते पर्यायच नव्हते. गोंधळ होतो तो २५६ जीबीच्या बाबतीत, कारण तो दोन्हींत आहे. तेव्हा सेटिंग्ज, जनरल, अबाउट असं उघडा आणि मॉडेल नंबरवर एकदा बोट टेकवा, म्हणजे इंग्रजी ‘ए’ने सुरू होणारा क्रमांक दिसेल. वायफाय मॉडेलसाठी ‘ए’पुढे ३३५४ असेल तर नवा, २६९६ असेल तर जुना. सेल्युलरसाठी ३३५५ म्हणजे नवा, २७५७ किंवा २७७७ म्हणजे जुना. पैसे देण्याआधी हा क्रमांक स्वतः पाहा आणि बिलावर लिहून घ्या.