देऊळ फुकट शिकवतं, मग फी कशाची?

वाशीम जिल्ह्यात गाण्याचा क्लास काढणाऱ्याची पहिली स्पर्धा देवळाशी असते, दुसरा क्लास नंतर येतो. कार्तिकात काकड आरती, गावोगाव हरिनाम सप्ताह, सामुदायिक प्रार्थनेला खंजिरी, पोहरादेवीच्या बाजूला तांड्यांतून नगाऱ्यावरची लेंगी. टाळ-पेटी कानावर पडतच इथलं पोर मोठं होतं. भजनी मंडळात मागं बसायचं, पुढच्याची बोटं बघायची, वर्षा-दोन वर्षांत चाल हाताखाली येते. पैसा एक लागत नाही.

अशा ठिकाणी विशारद झालेली एखादी मुलगी पाटणी चौकाच्या आसपास खोली घेते आणि गायन-हार्मोनियमची पाटी लावते. पालक चौकशीला येतात, फी ऐकतात आणि हसून म्हणतात, "आमच्या गावात तर महाराज असंच शिकवतात." या वाक्याचं उत्तर जिच्याजवळ तयार असेल, तिचा क्लास टिकतो.

उत्तर आहे पट्टीत. मंडळाची पेटी ज्या पट्टीत लागते, तिच्यातच सगळ्यांनी गायचं असतं. पुरुषाचा आवाज साधारण काळी एकच्या आसपास रमतो, बाईचा काळी चार-पाचच्या. दहा वर्षांची मुलगी वडिलांच्या पट्टीत गायला लागली की खालचे सूर पुटपुटल्यासारखे येतात. ते कळू नये म्हणून ती घसा दाबून गाते आणि तीच सवय लागते. तेरा-चौदाव्या वर्षी मुलाचा आवाज फुटतो, तेव्हा लोक त्याला 'आता गाऊ नको' म्हणून टाळ देतात. खरं तर त्या वेळी पट्टी उतरवून हलक्या आवाजात गाणं चालू ठेवायचं असतं. मंडळ चाल देतं, एकेका गळ्याकडे वेगळं बघायला त्याला सवड नसते. फी त्या बघण्याची.

तरी ती मागताना जीभ अडखळते. विद्या विकायची नसते, हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं. ही अडचण सव्वाशे वर्षांपूर्वी विष्णु दिगंबर पलुसकरांनी अंगावर घेतली. कुरुंदवाडला 1872 साली जन्म, लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा, मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तालीम. संस्थानिकाच्या आश्रयावर गवयाने जगायचं, ही तेव्हाची रीत. ती सोडून ते बाहेर पडले, तिकीट लावून गायले आणि 5 मे 1901 रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. सुरुवातीचे काही दिवस एकही विद्यार्थी फिरकला नाही आणि पलुसकर वेळेवर येऊन एकटेच तंबोरा लावून बसत, असं सांगतात. नव्या शिक्षकाने ही गोष्ट जपून ठेवावी. सहाचा वर्ग म्हणजे सहालाच पेटी उघडायची, समोर एक मूल असो की रिकामी सतरंजी.

त्यांच्याच चरित्रातली दुसरी गोष्टही तितकीच कामाची. मुंबईला विद्यालयासाठी त्यांनी कर्ज काढून इमारत उभी केली आणि पुढे कर्जापायीच तिचा लिलाव झाला. आधी मुलं, मग जागा.

हिशेब मांडून बघू. समजा पंधरा मुलं, महिना पाचशे रुपये. हाती आले साडेसात हजार. खोलीचं भाडं अडीच हजार धरा. वीज, पेटीची दुरुस्ती, तबल्याची पुडी यांना सरासरी हजार. उरले चार हजार. म्हणून पहिली दोन वर्षं घरातली बैठकीची खोलीच बरी आणि सोबत शाळेतले तास, सप्ताहातली साथ किंवा दुसरी मिळकत हवी. वाद्याचा विचारही पैशाशी बांधलेला आहे. गायनाला एका पेटीभोवती आठ-दहा मुलं बसतात. तबल्याला जितके हात तितक्या जोड्या लागतात, म्हणून तबल्याची फी वेगळी धरावी लागते. तंबोरा मात्र आता मोबाइलमध्ये मिळतो.

इथं फीचं पंचांग सोयाबीनवर चालतं. जून-जुलैत बी-खतात पैसा जातो, पाकिटं हलकी येतात. दिवाळीच्या सुमारास माल विकला की तीच घरं मागची बाकी आणून देतात. नोकरदाराकडून महिन्याची आणि शेतकऱ्याकडून तिमाहीची फी घेतली, तर दोघांचाही मान राहतो. किती, कधी, सुट्टी पडली तर काय, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्यावं. 'जमेल ते द्या' म्हटलं की पुढं कुणालाच जमत नाही.

परीक्षांचा आधार मोठा. पलुसकरांच्या शिष्यांनी 1931 साली स्थापलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून अलंकारापर्यंत जातात आणि एप्रिल-मे, नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत होतात. मान्यताप्राप्त संस्थांच्या परीक्षा ठरल्याप्रमाणे पार केल्या, तर दहावीला वाढीव गुण मिळतात. त्यासाठी पालक आपणहून येतात. धोकाही तिथंच आहे. पाठ केलेल्या चार ताना परीक्षेत निभतात, पण भूप रागाच्या पाच स्वरांत स्वतः फिरता येत नाही. मग गुण मिळाले की पेटी माळ्यावर जाते. आठवड्यातला एक तास अभ्यासक्रमाबाहेर ठेवावा.

कागदपत्रांचा बाऊ नको. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. सेवेची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल, तोवर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. जमा-खर्चाची वही मात्र पहिल्या दिवसापासून हवी. आणि वर्गाचं दार उघडं असावं, आई-आजीला मागं बसू द्यावं. लहान गावात या उघड्या दाराइतका भरवसा प्रमाणपत्राने येत नाही. असा भरवसा बसला की पुण्याला शिकायला गेलेली मुलंही पुढं व्हिडिओ कॉलवर शिकतात. आवाज उशिरा पोचत असल्याने तिथं सोबत गाता येत नाही, शिक्षकाने गायचं आणि मग मुलाने, असाच पाठ चालतो.

राहिला देवळाचा प्रश्न. शहाण्या शिक्षकाने त्याच्याशी भांडू नये. मुलांना घेऊन काकड आरतीला जावं, सप्ताहात त्यांना पेटीवर बसवावं. पहाटे चौदा वर्षांचा पोरगा पेटीवर बसतो आणि गाणाऱ्या आजीचा आवाज वर पोचत नाही हे ओळखून पुढचा अभंग दोन पट्ट्या उतरवून धरतो. मागून कुणीतरी हळूच विचारतं, "कोणाकडं शिकतं हो हे पोरगं?"