चोरी कुठेही, तूट ग्वानीनची!

पावसात राहिलेला लोखंडी खिळा गंजतो, कारण ऑक्सिजन लोखंडाचे इलेक्ट्रॉन हिरावून घेतो. यालाच ऑक्सिडीकरण म्हणतात. इलेक्ट्रॉनांची अशी लूट तुमच्या पेशींतही क्षणोक्षणी चालू असते. हे लुटारू म्हणजे मुक्त मूलके.

इलेक्ट्रॉन सहसा जोडीने राहतात. ज्या रेणूत एखादा इलेक्ट्रॉन एकटाच उरतो, तो रेणू म्हणजे मुक्त मूलक. श्वासातल्या ऑक्सिजनाच्या थोड्या भागापासून पेशीत अशी मूलके बनतात. क्ष-किरणांनी पाण्याचा रेणू फुटला, तरी बनतात. हायड्रॉक्सिल मूलक तर इतके उतावळे, की सेकंदाच्या अब्जांश भागात ते समोर येईल त्याला धरते!

डीएनएच्या माळेत अॅडेनीन, ग्वानीन, सायटोसीन आणि थायमीन ही चार अक्षरे असतात. काही मूलके या माळेतून नुसता इलेक्ट्रॉन ओढून घेतात. मग रिकाम्या जागी शेजारचा इलेक्ट्रॉन सरकतो, त्याच्या जागी पलीकडचा. अशी ती तूट सरकत सरकत बहुधा ग्वानीनपाशी येऊन थांबते. असे का व्हावे?

रेणूतून इलेक्ट्रॉन काढण्यास किती ऊर्जा लागते, ते पाहा. वायुरूपात ग्वानीनला सुमारे ७.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात; अॅडेनीनला ८.३, सायटोसीनला ८.७, तर थायमीनला ८.९ लागतात. म्हणजे ग्वानीनची पकड सर्वांत सैल!

पण माळेत अक्षरे एकमेकांवर रचलेली असतात. तेथे काय घडते? हे गणित हाताने सुटण्यासारखे नाही. श्रोडिंगर यांनी १९२६ साली मांडलेल्या समीकरणाची जवळपासची उकल संगणकाकडून काढून घ्यावी लागते. जपानमधील सुगियामा व साइतो यांनी १९९६ साली असे गणित केले. दोन ग्वानीन लागोपाठ आले, की पकड आणखी सैल होते आणि त्यांतला पहिला ग्वानीन अधिक सहज इलेक्ट्रॉन गमावतो, असे त्यातून दिसले. प्रयोगांतही इजा तेथेच आढळते.

इजा झालेल्या ग्वानीनचे ८-ऑक्सोग्वानीन बनते. डीएनएमधील ही इजा कासाई व निशिमुरा यांनी १९८४ साली दाखवून दिली. खरे तर ग्वानीनची जोडी सायटोसीनशी. पण हे बिघडलेले अक्षर अॅडेनीनशीही जुळते. नक्कल होताना ग्वानीनच्या जागी थायमीन येते आणि संदेश बदलतो. असे बदल साठत गेले, तर कर्करोगही उद्भवू शकतो.

मात्र घाबरू नका! पेशीतील विकरे बिघडलेली अक्षरे कापून काढतात व तेथे योग्य अक्षर बसवले जाते. डीएनएच्या दुरुस्तीवरील संशोधनाला २०१५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. खिळ्याला स्वतःचा गंज काढता येत नाही. तुमच्या पेशी मात्र हे काम रात्रंदिवस करीत असतात.