तांदूळ, जमीन आणि भाकिते : जेत्यांच्या ताब्यातला जपान (१९४५–५२)

२ सप्टेंबर १९४५ रोजी टोकियोच्या आखातात 'मिसुरी' या युद्धनौकेवर जपानने शरणागतीपत्रावर सह्या केल्या. त्यानंतरची साडेसहा वर्षे हा देश दोस्त राष्ट्रांच्या, प्रत्यक्षात अमेरिकेच्या अमलाखाली होता. त्या काळात तिथे वावरलेले सेनानी, मुत्सद्दी आणि पत्रकार एकाच प्रश्नावर सतत लिहीत राहिले. परके सैन्य निघून गेल्यावर इथली घडी टिकेल का, हा तो प्रश्न. त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. ज्यांनी जपानी मनाच्या पालटावर भिस्त ठेवली त्यांचे अंदाज बरेचसे चुकले. ज्यांनी शिधा, कूळ आणि चलन यांकडे पाहिले, ते वास्तवाच्या अधिक जवळ गेले.

पहिली दोन वर्षे भुकेची होती. १९४५ चे भातपीक कित्येक दशकांतले सर्वांत वाईट होते. कोरिया आणि तैवानमधून येणारा तांदूळ बंद झाला. त्यातच परदेशांत असलेले साठ लाखांहून अधिक जपानी सैनिक आणि नागरिक मायदेशी परतू लागले. शहरांत माणशी दिवसाला जेमतेम तीनशे ग्रॅम धान्याचा शिधा ठरलेला होता आणि तोही वेळेवर मिळत नसे. किमोनो आणि भांडीकुंडी घेऊन लोक गच्च भरलेल्या गाड्यांतून खेड्यांत जात आणि त्यांच्या बदल्यात तांदूळ किंवा रताळी आणत. काळाबाजार बेकायदा होता, पण त्याच्यावाचून जगणे अशक्य होते. काळ्या बाजाराचे अन्न घ्यायचे नाही असा निश्चय केलेले टोकियोतील न्यायाधीश यामागुची योशितादा ऑक्टोबर १९४७ मध्ये उपासमारीने मरण पावले. ज्या राज्यात कायदा पाळणारा न्यायाधीश भुकेने मरतो, तिथे स्थैर्याची चर्चा आधी अन्नाचीच व्हायला हवी होती. १९ मे १९४६ रोजी सुमारे अडीच लाख लोक राजवाड्यासमोर अन्नासाठी जमले. दोस्त राष्ट्रांचे सर्वोच्च सेनापती जनरल मॅकआर्थर यांनी दुसऱ्याच दिवशी झुंडशाहीविरुद्ध ताकीद दिली. त्या उन्हाळ्यात असंतोषाची लाट ओसरली ती अमेरिकी धान्य शिध्यात आल्यावर.

मॅकआर्थर यांचा स्वतःचा दृष्टिकोन उंचावरून पाहणाऱ्याचा होता. सम्राटावर खटला भरला तर किमान दहा लाखांचे सैन्य बेमुदत ठेवावे लागेल, असे त्यांनी जानेवारी १९४६ मध्ये वॉशिंग्टनला कळवले. सम्राट राहिला आणि तेवढ्या सैन्याची गरज कधी भासली नाही, पण खटला झाला असता तर काय घडले असते हे यावरून सिद्ध होत नाही. १७ मार्च १९४७ रोजी जपान शांतता तहाला तयार झाल्याचे त्यांनी पत्रकारांना सांगितले. जपान ख्रिस्ती धर्माकडे वळेल अशीही त्यांना आशा होती; ती फोल ठरली. निवासस्थान आणि दाइ-इची विमा कंपनीच्या इमारतीतील कचेरी यांपलीकडचा जपान त्यांनी फारसा पाहिलाच नाही.

खाली फिरणाऱ्यांना वेगळे चित्र दिसले. अमेरिकी वार्ताहर मार्क गेन यांच्या १९४८ च्या 'जपान डायरी'त जुने पुढारी, पोलीस आणि जमीनदार नव्या नावांनी जागा टिकवत असल्याचे तपशील आहेत. दोस्त राष्ट्रांच्या टोकियोतील सल्लागार मंडळात ब्रिटिश राष्ट्रकुलाचे प्रतिनिधी असलेले ऑस्ट्रेलियाचे मॅकमहन बॉल यांनाही बदल वरवरचा वाटत होता. मात्र त्यांच्याच पुढाकाराने मंडळापुढे आलेल्या जमीनसुधारणेच्या योजनेने जपानी खेडे मुळापासून बदलले. अमेरिकी कृषितज्ज्ञ वुल्फ लाडेजिन्स्की यांचेही या सुधारणेत मोठे काम आहे. पुढे ते भारतातही जमीनसुधारणेच्या प्रश्नावर काम करत होते.

ऑक्टोबर १९४६ च्या कायद्याने गावाबाहेर राहणाऱ्या मालकाची कुळांकडची सर्व जमीन सरकारने विकत घेतली. गावात राहणाऱ्या मालकाला कुळांकडे साधारण एक हेक्टरच ठेवता आली. होक्काइदोत ही मर्यादा चार हेक्टर होती. मोबदला जुन्या दराने गोठवला होता. चलनवाढीत त्याची किंमत इतकी घसरली की कुळांना जमीन जवळजवळ फुकट पडली. खरी खुबी अंमलबजावणीत होती. गावोगावच्या जमीन समित्यांत पाच प्रतिनिधी कुळांचे, तीन जमीनदारांचे आणि दोन स्वतः कसणाऱ्या मालकांचे असत. कोणता तुकडा कोणाचा, हे वरच्या साहेबाने नव्हे, शेजाऱ्यांनी ठरवले. कुळांकडून कसल्या जाणाऱ्या जमिनीचे प्रमाण ४६ टक्क्यांवरून १९५० पर्यंत दहाच्या आसपास आले. बॉल यांचा संशय सत्तेच्या वरच्या थराबाबत बराच खरा ठरला, पण असंतोषाला खतपाणी घालणारे खेडे या काळात शांत झाले.

या अमलात भारतीयही होते. पश्चिम होन्शू आणि शिकोकूची जबाबदारी राष्ट्रकुलाच्या फौजेकडे होती. तीत ब्रिगेडियर थिमय्या यांच्या हाताखालची भारतीय ब्रिगेड होती आणि तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाचे हे जवान पराभूत देशावर पहारा करत होते. १९४७ मध्ये भारतीय तुकड्या मायदेशी परतल्या.

मार्च १९४८ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्यातील जॉर्ज केनन जपानला आले. त्यांचे निदान सर्वांत धारदार होते. पोलीस दल विस्कळीत, उद्योग ठप्प, हजारो अनुभवी माणसे पदांवरून दूर. अशा स्थितीत तह केला तर देश कम्युनिस्टांपुढे उघडा पडेल, असे त्यांनी मांडले. सुधारणा थांबवा, उत्पादन वाढवा, हा त्यांचा सल्ला त्याच वर्षी धोरण झाला. १९४९ मध्ये डेट्रॉइटचे बँकर जोसेफ डॉज यांनी अंदाजपत्रक समतोल करायला लावले आणि एका डॉलरला ३६० येन हा दर ठरला. महागाई आटोक्यात आली, पण रेल्वेतूनच नव्वद हजारांहून अधिक लोकांची नोकरी गेली. केनन यांना चलन आणि कारखाने दिसले. त्या स्थैर्याची किंमत कामगार मोजणार, हे त्यांच्या हिशेबात पुरेसे आले नाही.

या काटकसरीने आलेल्या मंदीतून जपानला बाहेर काढले ते यांपैकी कोणाच्याही भाकितात नसलेल्या घटनेने. २५ जून १९५० रोजी कोरियात युद्ध पेटले आणि मालमोटारींपासून कापडापर्यंत अमेरिकी लष्कराच्या मागण्या जपानी कारखान्यांकडे आल्या. सप्टेंबर १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तह झाला. भारत तिथे गेला नाही; त्याने ९ जून १९५२ रोजी जपानशी वेगळा तह केला. २८ एप्रिल १९५२ रोजी परकी अंमल संपला, तरी सुरक्षा करारानुसार अमेरिकी तळ राहिले. तीनच दिवसांनी, कामगारदिनी, राजवाड्यासमोर निदर्शक आणि पोलीस यांच्यात रक्तपात झाला. ओकिनावा तर १५ मे १९७२ पर्यंत अमेरिकेच्याच ताब्यात होते.