आकड्यांची पत

जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात दादर येथील एका जवाहिऱ्याच्या दालनासमोर गुंतवणूकदारांची गर्दी उसळली आणि ‘टोरेस’ या नावाने सुमारे वर्षभर चाललेला व्यवहार कोलमडला असल्याचे साऱ्या मुंबईला कळून चुकले. प्लॅटिनम हर्न या कंपनीच्या या दालनांपैकी एक मीरा रोड येथे होते. दागिना किंवा मॉइसनाइट नावाचा कृत्रिम खडा विकत घ्यावा आणि त्याच्या किमतीवर आठवड्याला सहा टक्के, काही योजनांत त्याहूनही अधिक, परतावा घ्यावा, असे त्या योजनेचे स्वरूप होते. प्रकरण आर्थिक गुन्हे शाखेकडे गेले. दोष कोणाचा व किती, हे न्यायालयाने ठरवायचे आहे. परंतु त्या निर्णयाची वाट न पाहता विचार करावा असा एक प्रश्न या प्रकरणाने पुढे आणला आहे. हजारो व्यवहारी माणसांनी एका आकड्यावर विश्वास ठेवला तो कशाच्या आधारावर?

लोकांनी लोभाने डोळे मिटून घेतले, असे म्हणून हा विषय संपविण्याची रीत आहे. ती सोयीची असली तरी पुरती खरी नाही. यातील पुष्कळांनी डोळे उघडे ठेवले होते. प्रथम थोडी रक्कम गुंतवायची, आठवड्याच्या आठवड्याला पैसे येतात की नाही ते पाहायचे, शेजाऱ्याला आले का ते विचारायचे आणि मगच मोठी रक्कम गुंतवायची, ही सावध माणसाची पद्धत होय. म्हणजे तपासणी झालीच होती. ती चुकीच्या आकड्याची झाली. पैसे वेळेवर मिळतात एवढेच त्या जमा रकमांनी सिद्ध होत होते. ते पैसे व्यापारातील नफ्यातून येतात की मागाहून आलेल्या गुंतवणूकदारांच्या खिशातून, याविषयी जमा रक्कम काहीच सांगत नाही. देणारा जोवर देत आहे, तोवर दोन्ही प्रकारच्या धंद्यांतील पासबुक सारखेच दिसते.

एक साधे गणित मात्र दालनात न जाताही करता आले असते. आठवड्याला सहा टक्के म्हणजे व्याज बाजूला काढीत गेले तरी बावन्न आठवड्यांत मुद्दलाच्या तिपटीहून अधिक रक्कम. आणि तेच व्याज पुन्हा गुंतवीत गेले, तर एका लाखाचे वर्षाअखेर वीस लाखांवर जातात. बँकेची मुदत ठेव वर्षाला सहा-सात टक्के देते. जो सराफी व्यवसाय ग्राहकाला वर्षाला तीनशे टक्के देतो, तो स्वतः किती मिळवितो आणि कोणत्या मालावर, हा प्रश्न विचारला असता तर उत्तर मिळाले नसते. आणि ते न मिळणे हेच उत्तर ठरले असते.

तथापि सर्व दोष गुंतवणूकदाराच्या हव्यासावर टाकणाऱ्यांनी त्याआधीच्या एका घटनेचे स्मरण ठेवावे. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या ठेवीदारांनी वर्षाला तिप्पट मागितले नव्हते. कोणी निवृत्तिवेतनाची पुंजी तेथे ठेवली होती, कोणी गृहनिर्माण संस्थेचा दुरुस्ती निधी. बँकेच्या मार्च २०१९ च्या ताळेबंदात थकीत कर्जांचे ढोबळ प्रमाण चार टक्क्यांच्या आत होते आणि नफा सुमारे शंभर कोटींचा होता. ताळेबंद तपासलेला होता. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा ठेवीदाराला प्रथम केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली. शेजारच्या वसई-विरार पट्ट्यात इमारती उभारणाऱ्या एचडीआयएल या एकाच उद्योगसमूहाकडे सुमारे साडेसहा हजार कोटी रुपये, म्हणजे बँकेच्या एकूण कर्जांचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग, अडकला असल्याचे उघड झाले. ही कर्जे झाकण्यासाठी एकवीस हजारांहून अधिक बनावट खाती दाखविली गेली, असे पोलिसांकडील तक्रारीत नमूद आहे. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, आणि मोठ्या ठेवीदारांना उरलेल्या रकमेसाठी दहा वर्षांपर्यंतचे हप्ते बांधून देण्यात आले.

दोन्ही घटनांत आकड्याचा कर्ता आणि आकड्याचा लाभार्थी एकच होता. कर्ज थकले की नाही हे ज्यांनी नोंदवायचे, त्यांचीच अब्रू व अधिकारपद त्या नोंदीवर अवलंबून होते. अशा स्थितीत प्रामाणिक माणूससुद्धा आकड्याला थोडे झुकते माप देतो. अप्रामाणिक माणूस तो आकडा हवा तसा घडवितो. चार्ल्स गुडहार्ट या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाची चर्चा करताना दाखवून दिले, की एखाद्या मापावर नियंत्रणाचा भार टाकला की त्याचा मूळचा भरवसा ढासळू लागतो. ज्या आकड्यावर बक्षीस, कर्ज किंवा बढती अवलंबून असते, तो आकडा म्हणूनच अधिक काळजीने तपासावा लागतो.

महाराष्ट्राला हे नवे नाही. पिकाच्या आणेवारीचा, पुढे पैसेवारीचा, इतिहास ठाऊक असणाऱ्याला यातील मर्म लगेच उमगेल. शेताच्या बांधावर उभे राहून, नजरेने पिकाचा अंदाज करायचा आणि त्यावर सारामाफी किंवा टंचाईची सवलत ठरवायची, अशी ती पद्धत होती. आणेवारी खाली यावी असे गावाला वाटे, ती वर राहावी असे तिजोरीला वाटे, आणि नजर बहुधा ज्याचा दाब अधिक त्याच्या बाजूने झुके. या गोंधळातून वाट काढली ती संख्याशास्त्राने. सातारा जिल्ह्यात जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी डॉ. पानसे यांनी १९४० नंतरच्या दशकात पीक कापणीच्या प्रयोगांची शास्त्रशुद्ध घडी बसविली. कोणते शेत घ्यायचे आणि शेतातील कोणता तुकडा कापायचा हे ना शेतकरी ठरविणार, ना अधिकारी. ते यदृच्छेने ठरणार. मग तेवढे पीक कापायचे, मळायचे आणि तराजूत घालायचे. या पद्धतीचे बळ तराजूपेक्षाही निवडीत आहे. दाखविणाऱ्याने दाखविलेला नमुना कितीही अचूक मोजला, तरी त्यातून दाखविणाऱ्याची इच्छाच तेवढी मोजली जाते.

हाच नियम भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींतील एखाद्या गाळ्यालाही लागू पडतो. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांसाठी हे शहर ओळखले जाते. समजा, असा एक छोटा कारखाना विकाऊ आहे आणि घेणारा आपले राहते घर तारण ठेवून पैसे उभे करणार आहे. मालक विक्रीची वही पुढे ठेवतो. वहीतील अक्षर सुवाच्य आहे, बेरजा बिनचूक आहेत. परंतु बेरीज बरोबर असणे आणि आकडा खरा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सुज्ञ खरेदीदाराने वही बाजूला ठेवून मालकाला ज्यांवर हात फिरविता येत नाही, अशा नोंदी मागाव्यात. विजेची बिले मालक लिहीत नाही. वस्तू व सेवा कराची विवरणे, बँकेतील जमा आणि विक्रीची वही यांची परस्परांशी सांगड बसली पाहिजे. उत्पादन दुप्पट झाल्याचे सांगितले जात असताना प्रेस आणि पॉलिशच्या यंत्रांचा वीजवापर जागचा हललेला नसेल, तर वही आणि मीटर यांपैकी एक चुकतो आहे. आणि मीटर चुकण्याची शक्यता कमी.

याहून कठोर साक्षीदार म्हणजे वजन. जेवढा पत्रा आत आला, तेवढा भांडी, कतरण आणि शिल्लक या तीन रूपांनी कोठेतरी असलाच पाहिजे. जो कारखाना पत्रा स्वतः कापतो, त्याच्याबाबत भूमितीही साक्षीला येते. चौरस तुकड्यातून त्यात मावणारी सर्वांत मोठी गोल चकती कापली, तरी साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पत्रा कोपऱ्यांत वाया जातोच. एकाच मापाच्या चकत्या मोठ्या पत्र्यावर कितीही दाटीने मांडल्या, तरी नऊ टक्क्यांहून अधिक कतरण उरते. अशा कारखान्याच्या मालकाने कतरण अवघी पाच टक्के निघते असे सांगितले, तर त्याचे बाकीचे आकडे तपासण्याचे श्रमही वाचतील.

येथे आणखी एका फसगतीचा उल्लेख केला पाहिजे, कारण तीत कोणी खोटे बोलत नाही. धनत्रयोदशीला भांडी घेण्याची प्रथा आहे; लग्नसराईतही मागणी वाढते. दिवाळीच्या महिन्याची विक्री खरी असते, परंतु तिला बाराने गुणून काढलेली वर्षाची विक्री खोटी असते. त्याचप्रमाणे उधारीवर गेलेला माल विक्रीत दिसतो, पण व्यापाऱ्याकडून वसुली होईपर्यंत त्यातून कामगाराचा पगार भागत नाही. यंत्र वाढवावे की नाही हे विक्रीवरून ठरविणाऱ्याने वसुलीचा आकडा आधी पाहावा. कित्येक गाळ्यांना टाळे लागते ते मागणी नसल्याने नव्हे, तर मागणी आणि वसुली यांतील अंतर न मोजल्याने.

काही आकडे तर प्रामाणिक असूनही जुने झालेले असतात. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर नोंदली गेली; २००१ मध्ये ती सव्वापाच लाखांच्या आत होती. २०२१ ची जनगणना झालीच नाही आणि पुढील गणनेसाठी २०२७ हे वर्ष ठरले. दवाखाना काढणारा डॉक्टर, शाखा उघडणारी बँक किंवा दुकान थाटणारा व्यापारी या शहराचा दरडोई हिशेब करतो, तेव्हा त्याचा छेद अंदाजाचा असतो. आधीच्या दशकातील वाढीचा दर, म्हणजे सुमारे पंचावन्न टक्के, तसाच धरला तर २०२१ ची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास निघते. केवळ तेवढीच माणसे पुन्हा वाढली असे धरले तर ती अकरा लाखांच्या आत राहते. दोन्ही अंदाज प्रामाणिक, परंतु दीड लाखांहून अधिक माणसांचे अंतर! यांतील खरा कोणता, हे घरात बसून ठरणार नाही. मात्र दोन्ही आकडे धरून हिशेब मांडता येतो. लहान आकडा धरूनही दुकान चालणार असेल, तर खुशाल काढावे. केवळ मोठ्या आकड्यावरच ते तग धरणार असेल, तर दुकानदार व्यापार करीत नसून पैज लावीत आहे, हे त्याने ओळखावे.

आकड्याचा खरेखोटेपणा प्रत्येक वेळी पारखता येईल अशी हमी कोणीच देऊ शकत नाही. सहकारी बँकेच्या सामान्य ठेवीदाराला एकवीस हजार बनावट खाती हुडकून काढता आली असती, असे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय होय. ते काम नियंत्रकाचे आणि हिशेबतपासनिसाचे. त्या प्रकरणानंतर ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाखांवर नेण्यात आली आणि त्याच वर्षी बँकिंग नियमन कायद्यात दुरुस्ती होऊन सहकारी बँकांवरील रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. हे योग्यच झाले, परंतु ते ठेवीदारांचे हाल झाल्यावर झाले, हेही विसरता येत नाही.

सामान्य नागरिकाच्या हाती जे उरते ते क्षुल्लक मात्र नाही. हा आकडा कोणी काढला, तो मोठा दिसण्यात त्याचा लाभ आहे काय, आणि त्याच्या हाताबाहेरची कोणती नोंद त्याला दुजोरा देते, हे तीन प्रश्न विचारायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. उत्तर समाधानकारक नसेल तर चौथा प्रश्न विचारावा: हा आकडा खोटा निघाला, तर घरातले काय जाईल? जेवढे गेले तरी संसार उभा राहील, तेवढेच न पारखलेल्या आकड्यावर लावावे. अनोळखी माणसाला उसने देताना मराठी घरात त्याची पत पाहिली जाते. कोणी तरी ओळखीचा मध्ये असावा लागतो. छापील कागदावर आलेल्या आकड्यालाही तोच न्याय लावला पाहिजे. मध्ये साक्षीदार नसेल, तर अशा आकड्याच्या भरवशावर घर गहाण पडू देऊ नये.