सरासरी पॅकेजमागचा मुलगा

इंजिनीअरिंगच्या प्रवेशाचे दिवस आले की महाविद्यालयांच्या जाहिरातींत ‘सर्वोच्च पॅकेज’ आणि ‘सरासरी पॅकेज’ हे दोन आकडे ठळक झळकतात. त्यांच्या भरवशावर घरं कर्ज काढतात, म्हणून त्यांची फोड करायलाच हवी.

समजा, दहा मुलांना नोकरी लागली. नऊ जणांना वर्षाला ३ लाख आणि एकाला ४३ लाख. सरासरी निघते ७ लाख, पण ७ लाख मिळालेला मुलगा त्या दहांत एकही नाही. पगाराच्या क्रमानं उभं केलं तर मधल्या मुलाला ३ लाखच मिळतात. हा मध्यक. आणि ज्यांना नोकरी लागलीच नाही, ती मुलं या हिशेबात सहसा धरलेलीच नसतात. ३ लाख म्हणजे महिन्याला २५ हजार, भविष्य निर्वाह निधी वगैरे कापून त्याहूनही कमी. १० लाखांचं शैक्षणिक कर्ज १० टक्के व्याजानं १० वर्षांत फेडायचं तर हप्ता १३,२०० रुपयांच्या घरात जातो. पुण्यात खोलीचं भाडं आणि मेस भागवून घरी पाठवायला उरणार काय?

महाराष्ट्रात १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित महाविद्यालयांना वाट मोकळी केली आणि इंजिनीअरिंगची पदवी गावोगावच्या मुलांच्या आवाक्यात आली. ते मोठं काम होतं. पण पदवीचं नाव सगळीकडे एकच असलं, तरी बाजारात तिला मिळणारा भाव कॉलेजागणिक बदलतो.

अनुदानित महाविद्यालयातल्या बी.ए.ची फी त्यामानानं किरकोळ. तिथला खरा खर्च पदवीनंतर सुरू होतो. स्पर्धा परीक्षांच्या तयारीत गेलेल्या वर्षांची बुडालेली कमाई कुठल्याच पावतीवर दिसत नाही. केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात २०२२-२३ मध्ये पंधरा वर्षांवरील एकूण बेरोजगारी ३.२ टक्के होती, पदवीधरांमध्ये १३.४ टक्के. म्हणून न शिकलेलं बरं, असं मुळीच नाही. गरिबाला रिकामं बसणं परवडत नाही, तो मिळेल ते काम धरतो. पदवीधर मनासारख्या नोकरीची वाट पाहतो. नियमित नोकरी लागली की पदवीधर पगारात पुढे जातो, पण ती लागेपर्यंतचा काळ कुणाच्या तरी खिशातून जातो.

डिप्लोमाच्या वाटेला आपण उगाच दुय्यम मानतो. दहावीनंतर तीन वर्षं पॉलिटेक्निक आणि मग इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन आणखी तीन, अशी सहा वर्षं. अकरावी-बारावी करून जाणाऱ्यालाही तेवढीच लागतात. डिप्लोमावाल्याच्या हातात मात्र निम्म्या वाटेवरच नोकरीला चालेल असा कागद असतो. घरात अडचण आली तर तिथं थांबता येतं.

केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना किती मुलांना नोकरी लागली आणि त्यांचा मध्यक पगार किती, हे कळवावं लागतं, आणि ती माहिती सर्वांना पाहता येते. प्रवेशाचा विकल्प अर्ज भरताना प्रत्येक महाविद्यालयाच्या नावापुढे हेच दोन आकडे, शाखेनुसार, छापलेले असायला हवेत.